स्कोअर ९६, तरी सहकाऱ्याला चॅट वापरता येत नाही: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका वाहतूक कंपनीत सहा जणांच्या टीमने कर्मचाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बांधलंय: ग्रुप चॅट, कामांचा बोर्ड आणि व्हिडिओ मीटिंग, सगळं एका जागी. ऑपरेशन्समध्ये नुकतीच रुजू झालेली एक सहकारी पूर्ण अंध आहे. अकाउंट्समधले एक जण श्रवणयंत्र लावतात. लाइटहाउस या गुगलच्या स्वयंचलित तपासणी-साधनाचा ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांगांनाही वापरता येण्याचा) स्कोअर ९६ येतो, तरी ती म्हणते, "मला हे वापरता येत नाही." मॅनेजरांचं म्हणणं, एखादं ॲक्सेसिबिलिटी विजेट, म्हणजे साइटवर वरून चढवायचं तयार साधन, बसवून विषय संपवा. सुरुवात कुठून करायची?

तिचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमचा स्कोअरही खोटा नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. लाइटहाउस पानाचा त्या क्षणीचा सांगाडा तपासतो. चित्रांना पर्यायी मजकूर आहे का, बटणांना नाव आहे का, अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक आहे का, असल्या गोष्टी त्याला कळतात. पण नवीन संदेश आल्यावर तिला तो ऐकू आला का, उत्तर लिहिता लिहिता फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, कुठे उडाला, बोर्डावरचं कार्ड तिला हलवता आलं का, यातलं काहीच त्याला दिसत नाही. आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं वाचायचं पान नाहीच. तिथे एकाच वेळी वीस जण लिहितात, बदलतात, निर्णय घेतात. त्यामुळे "तिला वाचता येतं का" ही कसोटी अपुरी पडते. विषय चालू असताना, निर्णय व्हायच्या आत, तिला आपलं म्हणणं मांडता येतं का, हे बघायचं. पाच मिनिटं उशिरा सगळं वाचता आलं तर ती त्या संभाषणात नव्हतीच. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका कसोटीवर घासून बघा.

आधी ती तुमचं चॅट कसं ऐकते ते स्वतः ऐका. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह सोबत आले. दोघंही अंध प्रोग्रामर. तो उतरवून घ्या, स्क्रीन बंद करा, माउस ड्रॉवरमध्ये टाका आणि एकच काम करा: कुणीतरी तुम्हाला उद्देशून विचारलेला प्रश्न शोधून त्याला उत्तर द्या. स्क्रीन रीडर एका वेळी एकच गोष्ट सांगतो. फोनवरून कुणी तुम्हाला वर्तमानपत्राचं पान वाचून दाखवावं, तसा. डोळ्यांनी पान चाळताना तुम्ही जे नकळत गाळता, ते सगळं तिला ऐकावं लागतं.

अशा घरगुती चॅटमध्ये साधारण हे ऐकू येतं. टॅब दाबत गेलं की "बटण, बटण, बटण", कारण आयकॉनना नावं नाहीत. मग संदेशांची यादी. एका संदेशात आधी "ग्राफिक", मग नाव, मग "लिंक अकरा बेचाळीस", मग अंगठ्याची इमोजी, "बटण", "आणखी पर्याय बटण", आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी "गाडी नाशिकला पोचली". एका संदेशाला सहा-सात थांबे, म्हणजे तीस संदेशांना दोनशे. ती अठराव्या संदेशाशी असताना नवीन संदेश येतो, यादी नव्याने रेखाटली जाते, ज्या घटकावर तिचा फोकस होता तो घटकच नाहीसा होतो आणि एनव्हीडीए पानाच्या सुरुवातीला जाऊन बसतो. पुन्हा "बटण, बटण, बटण". "वापरता येत नाही" म्हणते ती हे. यातली नावाची चूक लाइटहाउस पकडतो. उरलेल्या, खऱ्या खोळंब्याच्या चुका पकडत नाही.

दुरुस्ती अशी. प्रत्येक संदेश हा एकच थांबा करा. वर-खाली बाणांनी एका संदेशावरून दुसऱ्यावर जाता यावं आणि बाण दाबताच आधी कोण, मग काय, शेवटी वेळ, असा क्रम ऐकू यावा. प्रतिक्रिया त्यानंतर आणि थोडक्यात: "३ प्रतिक्रिया". उत्तर द्या, पुढे पाठवा, पिन करा या क्रिया एंटर दाबल्यावर उघडणाऱ्या मेनूत ठेवा. प्रत्येक संदेशाला लटकवू नका. वेग यावा म्हणून स्क्रीनबाहेरचे संदेश डॉममधून, म्हणजे पानाच्या आतल्या रचनेतून, काढत असाल तर काढा, पण फोकस असलेला संदेश कधीच काढू नका, आणि एकूण कितीपैकी कितवा हे एरिया-सेटसाइझ आणि एरिया-पॉझइनसेट या कोडमधल्या खुणांनी सांगा. चॅनेलची यादी, संदेश, लिहिण्याची चौकट, उजवीकडचा थ्रेड, या भागांमध्ये एफ-६ने उडी मारता यावी. स्लॅकमध्ये हीच सोय आहे, त्यामुळे दुसऱ्या कंपनीतून आलेल्या माणसाच्या बोटांत ती बसलेली असते. नवी कळ शोधून काढायची गरज नाही.

नवीन संदेशाची घोषणा हा सगळ्यात नाजूक भाग, म्हणून जरा थांबून सांगते. त्यासाठी एरिया-लाइव्ह असते: तिच्यात आलेला नवा मजकूर स्क्रीन रीडर आपणहून बोलतो. ही अदृश्य जागा पान उघडतानाच तयार असायला हवी. संदेश आल्यावर जागा आणि मजकूर दोन्ही एकदम घातलं तर बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही, आणि डेव्हलपरला वाटतं आपण काम केलंय. ही जागा 'पोलाइट' ठेवा, म्हणजे चालू वाक्य संपल्यावरच नवा संदेश बोलला जाईल. असर्टिव्ह ठेवलं तर चालू वाक्य मध्येच तोडून नवा संदेश बोलला जातो, आणि भरल्या ग्रुपमध्ये तिला एकही वाक्य धड ऐकू येत नाही. दहा सेकंदांत पाच संदेश आले तर पाचही वाचू नका. "डिस्पॅच ग्रुपमध्ये ५ नवीन" एवढंच सांगा. तिच्या नावाने आलेला संदेश मात्र पूर्ण वाचा. "अमुक टाइप करत आहेत" हे कधीही बोलून दाखवू नका. आणि हे सगळं कमी-जास्त करायची सेटिंग तिच्या हाती द्या, कारण सकाळी गाड्या सुटताना तिला प्रत्येक संदेश हवा असेल आणि दुपारी रिपोर्ट लिहिताना एकही नको असेल. किती ऐकायचं हे तिने ठरवायचं, तुम्ही नाही.

शॉर्टकटबद्दल एक इशारा. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरायच्या पद्धतीत, एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण, के दाबलं की पुढची लिंक, अशा एकेका अक्षराला कामं वाटलेली आहेत. तुम्ही "आर दाबा, उत्तर द्या" असं ठेवलंत तर ब्राउझ मोडमध्ये ती कळ तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. बोलून टाइप करणाऱ्याची अडचण उलटी असते: त्याच्या एका शब्दातली अक्षरं एकेक शॉर्टकट म्हणून सुटतात आणि संदेश अर्काइव्ह होऊन बसतो. म्हणूनच डब्ल्यूकॅगमध्ये, म्हणजे वेबच्या ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, २०१८च्या २.१ आवृत्तीपासून एकाक्षरी शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आले पाहिजेत असा निकष आहे. यावर पळवाट म्हणून संपूर्ण ॲपला रोल-ॲप्लिकेशन ही खूण लावणारे असतात; तिने स्क्रीन रीडर सगळ्या कळा ॲपकडे सोपवतो. ते करू नका. त्याने तिची एच-बी-केची सगळी हत्यारं एका फटक्यात जातात.

आता बोर्ड. कार्ड ओढून दुसऱ्या रकान्यात टाकायचं, हे तुमच्याकडे बहुधा फक्त माउसनेच होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूकॅग २.२मध्ये यासाठी स्वतंत्र निकष आहे: जे ओढून करता येतं ते न ओढताही, साध्या क्लिकने किंवा टॅपने, करता आलं पाहिजे. की-बोर्डने करता येण्याचा निकष तर पहिल्यापासून आहे. दोन्हींवर एकच उपाय पुरतो. प्रत्येक कार्डावर "हलवा" असा पर्याय, त्यात रकाना आणि क्रमांक निवडायचा. हलवल्यावर फोकस त्याच कार्डावर राहिला पाहिजे आणि ऐकू आलं पाहिजे: "वाहन तपासणी, 'चालू' रकान्यात, ७ पैकी ३". दुसऱ्या कुणी तेच कार्ड त्याच वेळी हलवलं तर तेही सांगा, नाहीतर ती नसलेल्या जागी कार्ड शोधत बसेल. या "हलवा"चा फायदा हात थरथरणाऱ्याला होतो, एका हाताने काम करणाऱ्याला होतो आणि गोदामात हातमोजे घालून फोनवर बोर्ड बघणाऱ्या सुपरवायझरलाही होतो. तिथे बटणांचा आकारही बघा; २.२ किमान २४ गुणिले २४ पिक्सेल मागतं, मी फोनसाठी ४४च्या खाली जात नाही.

अकाउंट्समधल्या सहकाऱ्यांकडे येते. बहुतेक टीम इथे "कॅप्शन चालू केली" म्हणून थांबतात. कॅप्शन हव्यातच, पण आपल्या मीटिंगा कशा चालतात ते आठवा. वाक्य मराठीत सुरू होतं, आकडे इंग्रजीत येतात, ड्रायव्हरचं म्हणणं हिंदीत सांगितलं जातं. कॅप्शनला आपण एक भाषा निवडून देतो, आणि दुसऱ्या भाषेतला शब्द आला की ती जवळचा आवाज पकडून भलतंच काही लिहिते. बिलाचा आकडा असाच चुकला तर त्यावर निर्णयही चुकीचा होतो. शिवाय कॅप्शन काही सेकंद मागे असते. "कुणाला काही हरकत?" असं विचारून दोन सेकंदांत "ठीक, पुढे" म्हटलं की त्यांच्या स्क्रीनवर प्रश्न उमटेपर्यंत विषय संपलेला असतो.

यातलं अर्धं सॉफ्टवेअरने सुटतं. कॅप्शनच्या आधी बोलणाऱ्याचं नाव द्या, अक्षरं मोठी करता येऊ द्या, मागे सरकवून वाचता येऊ द्या, आणि हात वर केल्याचं चिन्ह सगळ्यांना ठळक दिसू द्या. प्रत्येक आवाजी सूचनेला दिसणारी जोड द्या. उरलेलं अर्धं मीटिंग चालवणाऱ्याच्या हातात आहे. आकडे, गाडी क्रमांक, तारखा आधीच चॅटमध्ये टाका. बोलण्याआधी नाव सांगा. एका वेळी एकच बोलेल हे पाळा. प्रश्न विचारल्यावर कॅप्शन पोचून उत्तर टाइप होईपर्यंत थांबा. पहिल्या मीटिंगला हा वेळ लांबलचक वाटतो, चौथ्या मीटिंगला कुणाच्या लक्षातही येत नाही. चॅटमध्ये आलेलं उत्तर मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे त्याला बोललेल्या उत्तराइतकंच वजन मिळतं. तोतरेपणामुळे मीटिंगमध्ये बोलायचं टाळणाऱ्यालाही हीच सोय हवी असते, फक्त तो ती कधी मागत नाही. कॅमेरा चालू, उजेड चेहऱ्यावर, खिडकी पाठीमागे नको. ओठ दिसले की श्रवणयंत्र लावणाऱ्याचं बरंच काम सोपं होतं. निर्णय शेवटी लिहून, कुणी काय करायचं यासकट.

सांकेतिक भाषेचा दुभाषी आणायचा का, हे त्यांनाच विचारा. श्रवणयंत्र लावणाऱ्या पुष्कळ जणांना सांकेतिक भाषा येतच नाही. दुभाषी बसवून आपण आपलं समाधान करून घेतो. उद्या सांकेतिक भाषा वापरणारा कर्णबधिर सहकारी आला तर मात्र दुभाष्याची चौकट स्क्रीनवर कायम, मोठी आणि न हलणारी राहील अशी सोय लागेल. झूम आणि टीम्समध्ये अशी सोय आहे, तिचा नमुना घ्या. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतःचं आहे, ती हातांनी केलेली मराठी नव्हे. लहानपणापासून तीच भाषा असलेल्या माणसाला लिहिलेली मराठी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा असू शकते. तेव्हा लांबलचक सूचनापत्रकं टाळा आणि वाक्यं छोटी, थेट लिहा.

इथे असं काही येतं जे साध्या वेबसाइटला फारसं लागू नसतं. तुमच्या सॉफ्टवेअरमधला बहुतेक मजकूर तुम्ही लिहिलेला नसतोच, तो कर्मचारी लिहितात. तुम्ही पूर्ण निर्दोष चॅट बांधलंत आणि त्यात साहेबांनी अडीच मिनिटांची व्हॉइस नोट टाकली, एचआरने सही-शिक्क्याच्या परिपत्रकाचा फोटो टाकला, कुणी एक्सेलचा स्क्रीनशॉट टाकला, तर अकाउंट्सवाल्यांना पहिलं समजणार नाही आणि तिला दुसरं-तिसरं. मजकूर तयार करणाऱ्या साधनांसाठी एटॅग २.० नावाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०१५ पासून आहेत, आणि त्यांचा दुसरा भाग नेमका हाच: साधनाने लिहिणाऱ्याला सुगम मजकूर लिहायला मदत करावी. चित्र चढवताना एक ओळीची चौकट दाखवा, "यात काय आहे?". सक्ती नको, सक्ती केली की लोक टिंब टाकून मोकळे होतात. व्हॉइस नोटखाली आपोआप लिखित रूप आणा आणि पाठवणाऱ्याला ते दुरुस्त करता येऊ द्या. एक्सेलमधले सेल चिकटवले तर चित्र न होता खरा तक्ता होऊ द्या. परिपत्रकाची पीडीएफ स्कॅन न करता मूळ फाइलमधूनच काढायची, हा नियम एचआरला लेखी द्या. खर्च शून्य, आणि तिच्या दिवसातला सगळ्यात मोठा अडथळा दूर.

मराठीचा भाग परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही, म्हणून तो जरा सविस्तर.

स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचायचं हे पानाच्या भाषेच्या खुणेवरून ठरवतो. तुमच्या पानावर इंग्रजीची खूण असेल तर देवनागरी संदेश इंग्रजी आवाजाकडे जातात आणि आवाजाप्रमाणे एकतर गाळले जातात किंवा एकेक अक्षर म्हणून वाचले जातात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आवाज आहे. तुम्ही फक्त संदेशागणिक भाषेची खूण लावायची. लिपीवरून मराठी की हिंदी हे कळत नाही, तेव्हा लिहिणाऱ्याच्या सेटिंगवरून ठरवा. "udya yeto" असं रोमनमध्ये लिहिलेलं कुठलाच आवाज धड वाचत नाही. त्यावर दटावणी नको. देवनागरीत लिहिणं सोपं करून द्या.

आणि तेच बऱ्याच चॅटमध्ये अवघड असतं. उच्चारावरून देवनागरी देणाऱ्या कीबोर्डवर शब्दाचे पर्याय उघडतात आणि लोक एंटर दाबून त्यातला एक निवडतात. तुमचं चॅट प्रत्येक एंटरला "पाठवा" समजत असेल तर अर्धा शब्द ग्रुपवर जातो. कोडमध्ये शब्द अजून जुळतोय का हे सांगणारी इझ-कंपोझिंग ही खूण तपासा; एका ओळीचं काम आहे. ज्याचा संदेश दोन-तीनदा असा अर्धवट गेला तो माणूस देवनागरी सोडून रोमनकडे वळतो, आणि त्याचा भुर्दंड स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या तिला पडतो.

अजून तीन बारीकसारीक गोष्टी. ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी बेतलेलं असेल तर "र्कीं"चा रफार-अनुस्वार वरून आणि "द्धृ"ची शेपूट खालून कापली जाते. कमी दिसणाऱ्याला मग शब्दच ओळखू येत नाही. देवनागरीला दीडपटीहून कमी अंतर देऊ नका, आणि डिझायनरांनी हौसेने अक्षरांमध्ये अंतर वाढवलं असेल तर ते काढा, शिरोरेषा तुटते. दुसरं, "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: एकसंध, किंवा "अ"वर चंद्र देऊन. शोध घेताना दोन्ही एकच धरले नाहीत तर "ॲडव्हान्स" शोधून निम्मेच संदेश सापडतात. तिसरं, फॉर्ममध्ये "फक्त अंक" असं बंधन घालताना देवनागरी अंकही स्वीकारा. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधली परिपत्रकं ऑफिसात पडली असतील तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसून इंग्रजी अक्षरांचा कचरा आहे.

बाकीचं भरभर. मजकुराचा रंग-फरक ४.५ ला १, आयकॉन आणि चौकटींच्या कडांचा ३ ला १. हजर-गैरहजर दाखवायला नुसता हिरवा-लाल ठिपका नको, आकारही बदला. चारशे टक्के मोठं केल्यावर आडवं सरकवावं न लागता सगळं वाचता आलं पाहिजे. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये बटणं गायब होतात का ते बघा. हलत्या जिफ थांबवायची सोय द्या. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हालचाल कमी ठेवणाऱ्याच्या बाबतीत त्या आपोआपच थांबाव्यात. लॉगिनला ओटीपी चिकटवता आला पाहिजे आणि तीस सेकंदांत संपू नये. सूचनांचा मारा ज्याला झेपत नाही, मग ते एडीएचडीमुळे असो की मायग्रेनमुळे, त्याला दिवसातून दोनदा एकत्र सारांश मिळण्याचा पर्याय असू द्या.

विजेटबद्दल मॅनेजरांना काय सांगायचं? तिच्याकडे तिचा स्क्रीन रीडर आहे, तिने तो स्वतःच्या वेगाला आणि सवयींना बसवून घेतलाय. विजेट त्यावर दुसरा आवाज आणि आणखी काही बटणं चढवतं. तुमचं कार्ड "चालू"मधून "पूर्ण"मध्ये कसं न्यायचं, हे बाहेरच्या विजेटला कळणं शक्यच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असंच एक विजेट विकणाऱ्या कंपनीला, ते कुठलीही साइट नियमांत बसवून देतं या दाव्याबद्दल, १० लाख डॉलर भरायला लावले. मॅनेजरांना हा एक दाखला पुरतो.

कायद्याची बाजूही त्यांच्यासमोर ठेवा, धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात कुठल्या सोयी देणार हेही लिहायचं असतं. माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष नुसते शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक हवेत असं सांगितलं, आणि ३० एप्रिल २०२५च्या दुसऱ्या एका निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. (हे कलम २१ राज्यघटनेतलं, दोन्ही आकडे सारखे असल्याने गोंधळ होतो.)

आता क्रम. पहिल्यांदा तिच्याशी बोला, पण तिला तुमची फुकटची टेस्टर करू नका. तिची नेमणूक ऑपरेशन्सची आहे. तिची तयारी असेल तर कामाच्या वेळेत, तिच्या साहेबांच्या संमतीने, इतर काम तेवढं कमी करून तासभर मागा. पाच कामं द्या: लॉगिन करा, तुमच्या नावाचा संदेश शोधा, थ्रेडमध्ये उत्तर द्या, एक कार्ड हलवा, मीटिंगमध्ये शिरून बोला. डेव्हलपर शेजारी बसतील, पण "डावीकडे बघा, तिथे आहे" असं सांगणार नाहीत. कुठे अडली, किती वेळ गेला, तोवर बाकीचे कुठे पोचले, एवढं लिहून काढा. अकाउंट्सवाल्यांसाठी खऱ्या मीटिंगचंच निरीक्षण करा. त्यानंतर बाहेरून दृष्टिहीन टेस्टर घ्या आणि त्यांना रीतसर मोबदला द्या. मुंबईतलं झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड अशा संस्थांकडे चौकशी करता येते.

दुरुस्तीचा क्रम मी असा लावीन: बटणांची नावं, मग फोकस उडणं थांबवणं, मग संदेशांची घोषणा, मग "हलवा" मेनू, मग कॅप्शन. भाषेची खूण आणि एंटरची दुरुस्ती मधल्या कुठल्याही दुपारी होते. प्रत्येक दुरुस्ती पानात नको, तुमच्या सामायिक कंपोनंटमध्ये करा, म्हणजे पुढचा स्क्रीन आपोआप बरा निघतो. लाइटहाउस टाकून देऊ नका. प्रत्येक बिल्डला तो किंवा ॲक्स हे तसंच तपासणी-साधन चालवा, कुणी बिननावाचं बटण परत आणलं तर तिथेच कळेल. रिलीजआधी मात्र तीच पाच कामं एनव्हीडीएवर हातानेच करायची, आणि ती ज्याने कोड लिहिला नाही त्याने करायची.

या सगळ्याला दोन-तीन महिने लागतील आणि तोवर तिचं काम अडता कामा नये. या आठवड्यातच करता येईल असं: तिच्या ग्रुपमधले संदेश तिला ईमेलने जाऊ द्या आणि ईमेलला दिलेलं उत्तर थ्रेडमध्ये तिच्या नावाने उमटू द्या. मेल ती आजही सराईतपणे वापरते. बोर्डावरची तिची कार्डं तिच्या एका ओळीच्या चॅट-आज्ञेने हलतील अशी सोय करा, "तपासणी ४१२ पूर्ण" एवढं लिहिलं की झालं. आणि डिस्पॅचचे निर्णय या काळात फक्त थ्रेडमध्येच घ्यायचे, जागच्या जागी तोंडी नाही, असं ऑपरेशन्सच्या सगळ्यांना तिच्या साहेबांनी सांगायचं.